खोली कोणासाठी? महासाथीच्या पहिल्या महिन्यांतल्या एका घराचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण मार्च ते ऑगस्ट २०२० या काळातलं आहे. ओळख पटू नये म्हणून नावं-गाव गाळलं आहे आणि काही किरकोळ तपशील बदलले आहेत. घटनांचा क्रम आणि त्या त्या वेळी घेतलेले निर्णय तसेच ठेवले आहेत. मी ज्येष्ठांसोबत काम करणारी फिजिओथेरपिस्ट आहे. या घराशी माझा संबंध एप्रिलच्या मध्याला आला आणि सगळं काम फोनवर किंवा व्हिडिओ कॉलवर झालं.

घरात पाच माणसं. आजोबा ७९ वर्षांचे. रक्तदाब आणि मधुमेह दोन्ही आहेत, पण गोळ्यांवर आटोक्यात. मुलगा हिशेबाचं काम करतो, मार्चपासून ते काम घरी आलं. सून एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ. तिची ड्यूटी थांबण्याचा प्रश्नच नव्हता. नात पंधरा वर्षांची, नातू सात वर्षांचा.

घराची रचना नीट सांगायला हवी, कारण पुढचं बरंचसं तिच्यावरच ठरलं. बाहेरची खोली, स्वयंपाकघर, झोपायच्या दोन खोल्या आणि बाथरूम एकच. आतली झोपायची खोली लहान, तिला एक खिडकी. दुसरी मोठी, तिला लागून गॅलरी. आतली खोली आजोबांची. दुसऱ्या खोलीत बाकीचे चौघं झोपायचे, नाहीतर नात बाहेरच्या खोलीत अंथरूण टाकायची.

महासाथीआधी आजोबा चांगले हिंडते-फिरते होते. सकाळी फिरून यायचे, दिवसातून दोन-तीनदा दोन मजले चढ-उतार करायचे, नातवाला शाळेच्या बसपर्यंत सोडायचे. स्वतःच्या गोळ्या स्वतःच घ्यायचे. डबीचं झाकण उघडण्याचा आवाज आला की सकाळचे आठ वाजले असं घरात धरूनच चालायचे.

११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविड-१९ ही महासाथ असल्याचं सांगितलं. त्या आठवड्यापासून देशोदेशी शाळा आणि कचेऱ्या बंद होत गेल्या. चीनमधून फेब्रुवारीत आलेली आकडेवारी तोपर्यंत सगळीकडे पोचली होती: निदान झालेल्यांपैकी सत्तरीतल्या रुग्णांत मृत्यूचं प्रमाण ८ टक्के, ऐंशीच्या पुढे १४.८ टक्के. मुलाने हे आकडे वाचले होते. वडील त्या दोन गटांच्या उंबरठ्यावर आहेत हेही त्याच्या लक्षात आलं होतं. पुढे जे झालं ते या भीतीतून आणि वडिलांवरच्या मायेतून झालं. ही दोन्ही कारणं खरी होती, म्हणून या घराला दोष द्यायला मी धजत नाही.

पहिला निर्णय

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात एका रात्री मुलगा आणि सून स्वयंपाकघरात बसले आणि त्यांनी ठरवलं: बाबांनी खोलीतून बाहेर यायचं नाही. दाराबाहेर स्टूल ठेवायचं, त्यावर ताट. नातवंडांनी आत जायचं नाही. बाबा बाथरूमला निघणार असतील तर आधी हाक मारतील, बाकीचे बाजूला होतील, आणि ते परत गेले की नळ, कडी, बटणं ब्लीचच्या पाण्याने पुसायची. बाहेरून आलेली प्रत्येक पिशवी, प्रत्येक पुडा धुवायचा.

हे शेवटचं काम रोज संध्याकाळचा मोठा वेळ खायचं. त्यालाही आधार होता. मार्चमध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगशाळेतल्या एका अभ्यासात हा विषाणू प्लास्टिक आणि स्टीलवर ७२ तासांपर्यंत, पुठ्ठ्यावर २४ तासांपर्यंत टिकल्याचं दिसलं होतं. पृष्ठभागावर विषाणूचा अंश सापडणं आणि त्या पृष्ठभागामुळे माणूस आजारी पडणं यांत किती अंतर आहे, ते त्या दिवसांत कोणी ठामपणे सांगत नव्हतं. एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने असा अंदाज दिला की दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागल्याने संसर्ग होण्याची शक्यता साधारणपणे दहा हजारांत एकापेक्षाही कमी असते. हे कळायला वर्ष जावं लागलं.

या निर्णयाबद्दल दोन गोष्टी इथेच सांगते. आजोबांना तो सांगितला गेला, विचारला गेला नाही. आणि तो कधीपर्यंत चालणार हे कोणी ठरवलं नाही. पंधरा दिवसांत सगळं निवळेल असं तेव्हा बहुतेकांना वाटत होतं, त्यामुळे मुदतीचा विषयच निघाला नाही.

अडचण

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आजोबा रात्री तीनच्या सुमारास बाथरूमला जायला उठले आणि पलंगाशेजारीच पडले. कपाळाला टेंगूळ, डाव्या मनगटाला सूज. आवाज ऐकून नात सगळ्यांत आधी धावली. दार उघडून आत जाऊ की नको, म्हणून ती उंबऱ्यात थबकली, क्षणभरच. ती पंधरा वर्षांची मुलगी त्या थबकण्याबद्दल पुढे कितीतरी दिवस बोलत होती.

रुग्णालयात न्यायचं की नाही, हा या प्रकरणातला पहिला खरा पेच. सुनेला रुग्णालयाच्या आतली परिस्थिती माहीत होती, त्यामुळे तिचाच विरोध सर्वांत जास्त. ही भीती याच घरापुरती नव्हती. अमेरिकेत मार्चअखेर ते एप्रिलअखेर या काळात आपत्कालीन विभागांत येणाऱ्यांची संख्या आदल्या वर्षीच्या तुलनेत ४२ टक्क्यांनी घटली होती, आणि त्यांतले सगळे काही घरी बसून बरे होण्यासारखे नव्हते. या घराने रात्रीच नेहमीच्या डॉक्टरांना व्हिडिओ कॉल लावला. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का? नव्हती. बेशुद्धी, उलटी, बोलण्यात अडखळणं, वाढत जाणारी डोकेदुखी यांपैकी काहीच नव्हतं. मनगट हलत होतं, बोटांना मुंग्या नव्हत्या. म्हणून लक्ष ठेवून घरीच थांबायचं ठरलं. यांतलं एकही लक्षण दिसलं तर महासाथीचा विचार न करता रुग्णालय गाठायचं, असं बजावून. रक्त पातळ करणारी गोळी चालू असती तर उत्तर सरळ रुग्णालय हेच होतं. हा निर्णय मला पूर्णपणे बरोबर वाटतो, कारण तो ठरावीक प्रश्न विचारून घेतला गेला.

दोन दिवसांनी डॉक्टरांच्याच सांगण्यावरून मुलाने मला फोन केला. त्याने विचारलं ते इतकंच: “बाबांना पलंगावर बसून करता येतील असे व्यायाम सांगाल का?”

पडण्यामागचं कारण

व्यायाम सांगण्याआधी मी आजोबांना कॅमेऱ्यासमोर खुर्चीत बसायला आणि हात न टेकता पाच वेळा उठून बसायला सांगितलं. सुनेला फोन धरून लांब उभं केलं होतं. या चाचणीला १५ सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला तर पडण्याचा धोका वाढलेला समजतात. आजोबांना हात टेकल्याशिवाय एकदाही उठता आलं नाही. हात टेकून पाच वेळा उठायला २४ सेकंद लागले. महिन्याभरापूर्वी दोन मजले चढणारा हा माणूस.

म्हातारपणी स्नायू किती झपाट्याने जातात याचा अंदाज घरच्यांना सहसा नसतो. धडधाकट ज्येष्ठांना फक्त दहा दिवस अंथरुणावर ठेवून केलेल्या एका अभ्यासात त्यांच्या पायांतला सुमारे एक किलो स्नायू गेला होता. आजोबा काही अंथरुणाला खिळलेले नव्हते, पण पलंग ते दार आणि दार ते पलंग एवढंच त्यांचं चालणं उरलं होतं.

तरी एवढ्याने मध्यरात्रीचं पडणं उलगडत नव्हतं. घरात रक्तदाब मोजायचं यंत्र होतं. झोपून मोजला तेव्हा वरचा आकडा १३८. उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत तोच ११२. वीसपेक्षा जास्त उतार पडला की उठताना डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते. मग मी दिवसभराचा क्रम विचारत गेले: केव्हा खाता, केव्हा पाणी पिता, गोळ्या केव्हा.

आजोबांच्या गोळ्यांत लघवी वाढवणारी एक गोळी होती. पूर्वी ती सकाळी आठला घेतली जायची. खोलीत बंद झाल्यापासून ताटाची वेळ पुढे सरकत गेली. मुलाची सकाळची मीटिंग, मुलांचे वर्ग, सुनेची बदलती ड्यूटी. सकाळचं खाणं कधी अकराला, कधी त्याहून उशिरा. गोळ्या खाण्यानंतर घ्यायच्या, हा आजोबांचा जुना शिरस्ता. विसरायला होऊ नये म्हणून मुलाने सगळ्या गोळ्या एका वाटीत काढून ताटाबरोबर ठेवायला सुरुवात केली होती, आणि हळूहळू ती वाटी संध्याकाळच्या ताटात जाऊ लागली. म्हणून रात्री दोन-दोनदा उठणं.

पाण्याबद्दल आजोबा आधी काही बोलले नाहीत. मुलगा कामासाठी बाहेरच्या खोलीत गेला तेव्हा हळूच म्हणाले, “मी बाथरूमला निघालो की सगळं घर उठून पळतं. मागून ती पोर फडकं घेऊन पुसत बसते. म्हणून मी पाणीच कमी केलं.”

म्हणजे कारणांची ओळ अशी होती: घराला त्रास नको म्हणून पाणी कमी, त्यात लघवी वाढवणारी गोळी चुकीच्या वेळी, त्यात पायांतली ताकद गेलेली, आणि रात्री तीनला अंधारात घाईने उठणं. एकही कारण विषाणूचं नव्हतं. विषाणूपासून वाचवायला उभ्या केलेल्या व्यवस्थेनेच त्यांतलं प्रत्येक कारण तयार केलं होतं. माझ्या सगळ्या कामात इतकी सरळ जोडता येणारी साखळी मला फार वेळा दिसलेली नाही, म्हणूनच हे प्रकरण लिहावंसं वाटलं.

समोरचे पर्याय

गोळीची वेळ डॉक्टरांनी त्याच दिवशी फोनवर बदलून दिली. ते सोपं होतं. अवघड प्रश्न पुढे होता: आजोबा त्या खोलीत राहिले तर पुन्हा पडतील, आणि बाहेर आले तर रोज रुग्णालयात जाणाऱ्या सुनेबरोबर एकाच हवेत राहतील.

पहिला पर्याय होता आहे तसंच चालू ठेवून खोलीतच व्यायाम वाढवण्याचा. मुलाचा कल याकडे होता. पण खोलीत पलंग आणि कपाटामध्ये चार पावलांचीही जागा नव्हती, आणि पाणी कमी पिण्याचं कारण तसंच राहणार होतं.

दुसरा, आजोबांना दुसऱ्या नातलगांकडे हलवायचं. त्या काळात प्रवासावर बंधनं होती, आणि नव्या घरातली माणसं कुठे जातात-येतात यावर यांचा काही ताबा राहणार नव्हता. वाटेतलाच धोका मोठा. हा पर्याय लगेच मागे पडला.

तिसरा, सुनेने बाहेर राहायचं. रुग्णालयाने काही कर्मचाऱ्यांसाठी राहण्याची सोय केली होती. संसर्गाच्या दृष्टीने हा सर्वांत सुरक्षित पर्याय. पण तिथे एका खोलीत तिघी, बाथरूम मजल्याला मिळून एक, आणि मुलांपासून किती महिने दूर राहायचं याला काही अंतच नाही. ती जायला तयार होती. तिच्या तयारीत जबाबदारी होती आणि अपराधीपणाही. दोन्ही मला तिच्या आवाजात ऐकू येत होते. “घरात धोका मीच आणते,” असं ती म्हणायची. तिला मी एवढंच म्हटलं की धोका कामातून येतो आणि तो सगळ्या घराने मिळून वाटून घ्यायचा असतो. तेवढ्याने तिचं समाधान झालं असं नाही.

चौथा पर्याय आजोबांनीच मांडला. तोवर त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. व्हिडिओ कॉलवर सगळे असताना मी त्यांना म्हटलं, “आजोबा, तुम्ही सांगा, तुम्हाला काय हवंय?” ते म्हणाले, “माझी खोली तिला द्या. बाहेर ती जाते, मी तर घरातच असतो. दार बंद करून ती बसू दे, मी गॅलरीत बसतो. आणि तशीही ती दमून येते, त्या पोरांत तिला झोप कुठे मिळते?”

सगळे गप्प झाले. महिनाभर या घराने सर्वांत नाजूक माणसाला बंद ठेवलं होतं आणि सर्वांत जास्त संपर्कात येणारं माणूस दोन्ही मुलांमध्ये झोपत होतं. दोन एप्रिलच्या दैनिक अहवालात जागतिक आरोग्य संघटनेने लक्षणं दिसण्याआधीही प्रसार होऊ शकतो याची दखल घेतली होती. म्हणजे सून बरी दिसतेय हे पुरेसं नव्हतं. तिच्याकडून नातवंडांना, नातवंडांकडून मुलाला, आणि मुलाच्या हातातल्या ताटामागून आजोबांपर्यंत, ही वाट पूर्ण उघडी होती. फक्त शेवटचं दार बंद होतं.

निर्णय सोपा झाला असं मात्र नाही. मुलाला भीती होती की बाबांना काही झालं तर ते आपण दार उघडल्यामुळे झालं असं आयुष्यभर वाटत राहील. दार बंद ठेवल्यामुळे जे झालं होतं ते त्याला तितकंसं आपलं वाटत नव्हतं. हे मी अनेक घरांत पाहिलं आहे: केल्यामुळे झालेल्या नुकसानीचं ओझं माणसाला जाणवतं, जपण्यामुळे झालेल्याचं जाणवत नाही. शेवटी आजोबांचं म्हणणं मानायचं ठरलं, आणि यावेळी मी आग्रह धरून एक तारीख लिहून घेतली. दर दुसऱ्या रविवारी सगळ्यांनी बसून पाहायचं, हे चालू ठेवायचं का.

काय केलं

सून आतल्या खोलीत गेली. कामावरून आली की दाराशीच चपला आणि पिशवी, मग थेट आंघोळ, कपडे साबणाच्या पाण्यात, मग खोली. साबण या विषाणूवर चांगला चालतो कारण विषाणूभोवतीचं चरबीचं आवरण त्याने मोडतं. त्यासाठी उग्र रसायनं लागत नाहीत. ब्लीच पूर्ण बंद केलं नाही, पण ते दिवसातून एकदा, बाथरूमच्या नळ-कड्यांपुरतं, आणि मापात: पाच टक्के ब्लीचचा एक भाग, पाण्याचे ४९ भाग. तोवर ते अंदाजाने ओतलं जात होतं आणि एकदा आम्लाच्या क्लीनरबरोबर मिसळल्यामुळे सगळ्यांना खोकला लागला होता. त्या मिश्रणातून क्लोरीन वायू निघतो. कोविडच्या खोकल्याची धास्ती त्या दिवशी घराने विनाकारण सोसली.

हवेकडे जास्त लक्ष दिलं. आतल्या खोलीची खिडकी दिवसरात्र उघडी, दार बंद, दाराखालच्या फटीला कापडाची गुंडाळी. बाथरूम सुनेने शेवटी वापरायचं आणि नंतर खिडकी उघडी ठेवून बराच वेळ कोणी जायचं नाही. २८ मार्चला जागतिक आरोग्य संघटनेने हा आजार हवेतून पसरत नाही असं जाहीर केलं होतं; जुलैमध्ये २३९ शास्त्रज्ञांनी एका पत्राद्वारे हवेतल्या प्रसाराकडे लक्ष द्या असं सांगितलं. आम्ही खिडकीवर भर दिला तो त्या पत्राच्या आधी, आणि त्यात काही द्रष्टेपण नव्हतं. क्षयरोग्याच्या घरात खिडकी उघडी ठेवा हे पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं, आणि खिडकी उघडण्यात कसलंच नुकसान नव्हतं.

पिशव्या धुणं थांबलं. सामान आत ठेवल्यावर हात धुवायचे, एवढंच. त्यातून संध्याकाळचा जो वेळ सुटला तो आजोबांच्या व्यायामाला मिळाला.

आजोबा मोठ्या खोलीत आले. सकाळी गॅलरीत कठड्याला धरून टाचा उचलायच्या, मग खुर्चीवरून पाच उठबशा, थोडी विश्रांती, पुन्हा पाच. गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या; नातू मोजायचा आणि मुद्दाम एखादी फेरी विसरायचा, म्हणजे आजोबांना आणखी एक मारावी लागायची. रात्री उठण्याची रीत तीन पायऱ्यांची: आधी पलंगावर बसून पाय हलवायचे, मग धरून उभं राहायचं, डोळ्यांपुढे काही येत नाही ना ते पाहायचं, मगच पाऊल. उशाला छोटा दिवा. पाण्याची बाटली भरून समोर, आणि दुपारपर्यंत ती संपलीच पाहिजे. गोळ्यांची डबी परत आजोबांच्या हातात दिली. ही शेवटची गोष्ट वाचायला किरकोळ वाटेल, पण मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते; माणसाचा स्वतःच्या दिवसावरचा ताबा त्या डबीत होता.

जे आधी दिसलं नाही

पहिल्या आढाव्याला आजोबांची प्रगती चांगली होती. सून कित्येक आठवड्यांनी सलग झोपली होती. पण नातू रात्री अंथरूण ओलं करू लागला होता. दोन वर्षांपूर्वी थांबलेली गोष्ट पुन्हा सुरू झाली होती. दिवसा तो आईच्या बंद दाराला पाठ लावून बसायचा.

खोलीची अदलाबदल बरोबर होती, पण तिची किंमत नाहीशी झाली नव्हती; ती घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाकडून सर्वांत लहान माणसाकडे गेली होती. सात वर्षांच्या मुलाला आई भिंतीपलीकडे आहे, तिचा आवाज येतो, पण जवळ जाता येत नाही, हे समजावून सांगता येतं. पचवता येईलच असं नाही. त्याची शाळा बंद होती, मित्र बंद होते. जगभरात त्या वेळी सुमारे १६० कोटी मुलांची शाळा सुटली होती, पण प्रत्येकाला ते आपल्याच घरात एकट्याने सोसायचं होतं.

इथे पुन्हा पर्याय तोलावे लागले. आईजवळ जायची पूर्ण मोकळीक दिली तर सगळी मांडणी फुकट. तसंच चालू ठेवलं तर मूल आतून कोमेजणार. मधला मार्ग निघाला तो गॅलरीचा. संध्याकाळी आंघोळ झाल्यावर सून मास्क लावून गॅलरीच्या एका टोकाला, नातू दुसऱ्या टोकाला, आजोबा आणि बाकीचे आत, मधलं दार लावलेलं. उघडी हवा, ठरलेली वेळ, आणि ती वेळ कोणत्याही कारणाने चुकवायची नाही. दुपारी पाढे. तो दाराच्या अलीकडे पाठ टेकून म्हणायचा, ती पलीकडे पाठ टेकून अडलेल्या ठिकाणी सांगायची. सतराच्या पाढ्याला दोघंही अडायचे.

अंथरूण ओलं होणं लगेच थांबलं नाही. पण त्याबद्दल कोणी रागावलं नाही, चेष्टा केली नाही. त्याचे वडील रात्री चादर बदलून गप्प झोपायचे. जूनमध्ये ते कमी झालं.

परिणाम

जुलैच्या सुरुवातीला प्रयोगशाळेत काम करताना सुनेला स्पिरिटचा वास येईना. ताप नव्हता, खोकला नव्हता. तिने लगेच तपासणी करून घेतली. आरटी-पीसीआर पॉझिटिव्ह आली. तिची खोली आधीच वेगळी होती, त्यामुळे त्या रात्री घरात काहीही हलवावं लागलं नाही. धावपळ नाही, कोणी कुठे झोपायचं यावरून गोंधळ नाही. गॅलरीतली भेट तेवढी बंद झाली. ऑक्सिमीटरवर दिवसातून तीनदा नोंद. ९४ च्या खाली गेलं तर रुग्णालय, असं ठरलं होतं. सर्वांत कमी नोंद ९५ ची झाली.

घरातल्या बाकीच्यांनी १४ दिवस बाहेर पाऊल टाकलं नाही. नातवाला एक दिवस बारीक ताप आला. त्याची तपासणी निगेटिव्ह आली. आजोबांना काहीच लक्षणं दिसली नाहीत. त्यांची तपासणी झाली नव्हती, आणि आरटी-पीसीआरमधून काही संसर्ग निसटतात, त्यामुळे घरात प्रसार अजिबात झाला नाही असं मी म्हणणार नाही. कोणी गंभीर आजारी झालं नाही, एवढं नक्की. खोली बदलल्यामुळेच तसं झालं हेही एका घरावरून सिद्ध होत नाही.

आजोबा जूनअखेर हात न टेकता पाच वेळा १६ सेकंदांत उठू लागले. उभं राहिल्यावरचा रक्तदाबाचा उतार दहाच्या आत आला. ते पुन्हा पडले नाहीत. पण जिना उतरायचा आत्मविश्वास परत आला नाही. बंधनं सैल झाल्यावरही मुलाचा हात धरल्याशिवाय त्यांनी पायरीवर पाऊल ठेवलं नाही. मार्चमध्ये गमावलेलं सगळंच परत मिळालं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या रात्री स्वयंपाकघरात दोघांऐवजी पाच माणसं बसायला हवी होती. निदान आजोबा तरी. त्यांच्याकडे घराकडे पाहायची एक नजर होती जी बाकीच्यांकडे नव्हती, कारण दिवसभर ते घरातल्या हालचाली पाहत असत. सून झोपत नाही हे त्यांनीच पाहिलं होतं.

घर बंद करण्याच्या पहिल्याच दिवशी उठबशा आणि फेऱ्या सुरू व्हायला हव्या होत्या. ताकद गेल्यावर परत आणणं या वयात फार अवघड. टिकवून ठेवणं त्या मानाने सोपं. आणि दिनक्रम मोडला की गोळ्यांचं वेळापत्रक पुन्हा एकदा डॉक्टरांना वाचून दाखवायला हवं. जेवणाच्या वेळा सरकल्या की गोळ्यांच्या वेळाही सरकतात, हे घरात कोणाच्या ध्यानात येत नाही.

रुग्णालयाच्या राहण्याच्या सोयीचा पर्याय आम्ही सरसकट बाजूला ठेवला. मागे वळून पाहता, ज्या आठवड्यांत सुनेची ड्यूटी कोविड नमुन्यांच्या कक्षात होती, तेवढ्यापुरता तो वापरता आला असता. नातवाला आई महिनोन्‌महिने बंद दाराआड दिसण्यापेक्षा एक आठवडा नाही आणि मग दोन आठवडे आहे, हे कदाचित जास्त सोसलं असतं. याबद्दल सुनेचं मत वेगळं आहे. तिच्या मते बंद का होईना, दार घरातलंच बरं.

शेवटची गोष्ट नातीची. ती या लेखात फार कमी वेळा आली आहे, आणि घरातही त्या महिन्यांत तिचं तसंच झालं होतं. आई खोलीत, बाबा मीटिंगमध्ये, आजोबांना सोबत हवी, भावाला कोणीतरी हवं. ताटं, भांडी, फरशी, कपडे, सगळं हळूहळू तिच्याकडे सरकलं. तसं कोणीही ठरवलं नव्हतं, त्यामुळे आढाव्याच्या बैठकीत ते कधी निघालंही नाही. तिचे वर्ग एकाच मोबाइलवर, तेही भावाचे संपल्यानंतर. अभ्यास रात्री अकरानंतर. जुलैत आई बरी झाल्यावर एका बैठकीत आजोबांनीच विषय काढला. त्यानंतर कामांची यादी कागदावर आली आणि प्रत्येकाच्या नावापुढे कामं लिहिली गेली. ऑगस्टपासून रात्रीची भांडी मुलाकडे, कपडे सुनेकडे. भाज्या निवडणं आणि घड्या घालणं आजोबांनी मागून घेतलं. नातीच्या वर्गाच्या वेळा त्याच कागदाच्या वरच्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहिल्या, आणि त्या वेळांत तिला कोणीही हाक मारायची नाही असं ठरलं.